फोनवर फाइल उघडत नाहीये? ॲप शोधायच्या आधी ती नक्की आहे काय ते बघा

ऐरोलीहून एका ताईंनी विचारलंय, थोडक्यात असं: अँड्रॉइड फोन आहे, तीनेक वर्षांचा. बहिणीने आयफोनवरून बारशाचे फोटो पाठवलेत, नावाच्या शेवटी डॉट एचईआयसी आहे, उघडत नाहीत. वकिलांनी फ्लॅटचे जुने कागद डॉट टिफ करून पाठवलेत, ते उघडले पण एकच पान दिसतंय. वडिलांच्या कंबरेच्या एमआरआयची सीडी आहे, डॉक्टर म्हणतात फोनवर पाठवा, आता ती कशी पाठवणार. सगळं उघडणारं एकच चांगलं ॲप सांगा, पैसे भरावे लागले तरी चालेल.

ताई, असं एक ॲप नाहीये. मी ठाण्याच्या नौपाड्यात गेली सोळा वर्षं झेरॉक्स, डीटीपी आणि फोनचं किरकोळ काम करतो, दिवसाला दोन-तीन तरी माणसं "फाइल ओपन होत नाय" म्हणून येतात आणि जवळजवळ प्रत्येकाच्या फोनमध्ये "ऑल फाइल ओपनर" टाईपची चार-पाच ॲप आधीच पडलेली असतात, सगळी जाहिराती दाखवणारी, कॉन्टॅक्टची परमिशन मागणारी. फोटो उघडायला कॉन्टॅक्ट कशाला पाहिजेत? ती आधी काढून टाका, मग बोलू.

मूळ गोष्ट ही, की डॉट जेपीजी, डॉट टिफ हे शेपूट म्हणजे डब्यावर चिकटवलेलं लेबल आहे. आत साखर आहे की मीठ ते लेबलवर ठरत नाही. फोन बिचारा लेबल वाचून ॲप शोधतो, आणि लेबल चुकीचं असलं, गायब असलं किंवा फोनच्या ओळखीचं नसलं की सरळ सांगतो, उघडता येत नाही. आत काय आहे ते बघायची सोपी युक्ती आहे. एखादं साधं टेक्स्ट एडिटर ॲप घ्या आणि ती फाइल त्यात उघडा. सगळा कचरा दिसेल, चौकोन, प्रश्नचिन्हं, घाबरू नका, फक्त पहिली ओळ बघायची आणि काही सेव्ह न करता बाहेर पडायचं. जेपीजी असेल तर सुरुवातीलाच इंग्रजीत जे-एफ-आय-एफ किंवा ई-एक्स-आय-एफ अशी अक्षरं सापडतील. पीएनजीत पी-एन-जी. पीडीएफमध्ये टक्क्याचं चिन्ह आणि पुढे पीडीएफ. टिफमध्ये दोन आय किंवा दोन एम. फोटोशॉपच्या फाइलमध्ये आठ-बी-पी-एस. आयफोनच्या फोटोत सुरुवातीची काही अक्षरं सोडून एच-ई-आय-सी. आणि पी-के दिसलं तर ती झिप आहे, म्हणजे बऱ्याच फाइली एकात बांधलेलं गाठोडं, मग वरचं लेबल काहीही असो (ही झिप काढणाऱ्या फिल कॅट्झच्या नावाची अक्षरं, अजून प्रत्येक झिपच्या कपाळावर आहेत).

आणि कधी कधी पहिल्याच ओळीत एचटीएमएल दिसतं. म्हणजे फोटो आलेलाच नाही, कुठल्यातरी साइटचं लॉगिनचं पान फोटोच्या नावाने सेव्ह झालंय. हे जगातल्या कुठल्याही ॲपने फोटो म्हणून उघडणार नाही. तसंच साईझ शून्य केबी असेल तर आत काहीच नाही, परत मागवा.

आता तुमच्या तीन भानगडी.

पहिली बारशाची, ती सगळ्यात सोपी. एचईआयसी म्हणजे ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ बरोबर आणलेली फोटो ठेवायची पद्धत, साधारण त्याच क्वालिटीचा फोटो जेपीजीच्या निम्म्या जागेत बसतो. अँड्रॉइडला ती ९ नंबरच्या व्हर्जनपासून, म्हणजे २०१८ पासून कळते, त्यामुळे तुमच्या तीन वर्षांच्या फोनला ती यायलाच हवी. अडतंय कुठे, तर तुमच्या बहिणीने क्वालिटी जाऊ नये म्हणून ते व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवले असणार. फोटो म्हणून पाठवले असते तर व्हॉट्सॲपने स्वतःच जेपीजी करून पाठवले असते, डॉक्युमेंट म्हटलं की तो आहे तशी फाइल पोचवतो आणि मग तुम्ही चॅटमधूनच टॅप केलं की त्याला कुठल्या ॲपकडे द्यायचं तेच कळत नाही. तर ती फाइल फोनमध्ये सेव्ह करा, आणि गॅलरीतून किंवा गूगल फोटोजमधून उघडा. नाहीच झालं तर बहिणीला सांगा फोटो म्हणूनच पाठव आणि वरचं एचडी दाबून पाठव. बारशाचे फोटो आहेत, तेवढी क्वालिटी पुष्कळ झाली. तिला पुढे कायमचाच त्रास नको असेल तर आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, तिथे मोस्ट कॉम्पॅटिबल, की नवीन फोटो सरळ जेपीजीतच निघतात. जुने मात्र होते तसेच राहतात. तिच्या फोनमध्ये फाइल्स ॲपमध्ये फोटो दाबून धरला की क्विक ॲक्शन्समध्ये कन्व्हर्ट इमेज येतं, आयओएस १६ पासून, तिथून जेपीईजी करता येतो, वेगळं ॲप लागत नाही. सरकारी फॉर्म भरणारी पोरं इथेच अडकतात, पोर्टल जेपीजी मागतं, ही एचईआयसी चढवतात, मग नावच बदलून डॉट जेपीजी करतात आणि तरी रिजेक्ट होतं. लेबल बदलून मिठाची साखर होत नाही.

एक उलटं उदाहरण, डॉट जेएफआयएफ. कॉम्प्युटरवरून सेव्ह केलेले फोटो कधी कधी या नावाने येतात आणि फोन बावचळतो. हा आतून शंभर टक्के जेपीजीच असतो, इथे मात्र नाव बदललं की काम झालं. वेबपी आणि एव्हीआयएफ ही नेटवरून उतरवलेली मंडळी, वेबपी आता सगळीकडे चालतो, एव्हीआयएफला अँड्रॉइड १२ किंवा आयओएस १६ लागतं, अँड्रॉइड फोन त्याहून जुना असेल तर क्रोममध्ये उघडून बघा.

दुसरं, वकिलांचं टिफ. हे नीट वाचा कारण यात लोकांचे गैरसमज होतात आणि भांडणं लागतात. आमच्याकडे एक काका आले होते, सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलेली, वकिलाने जुना करार स्कॅन करून पाठवलेला. काका भडकलेले, म्हणे अडतीस पानांचा करार होता, या माणसाने एकच पान पाठवलं, बाकीची दाबून ठेवली, यात काहीतरी काळंबेरं आहे. मी फाइलची साईझ बघितली, दोन एमबीच्या आसपास. आता हिशोब बघा. ए-फोर पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, स्कॅन केलं की २४८० गुणिले ३५०८ ठिपके होतात. नुसतं काळं-पांढरं, काहीही न दाबता ठेवलं तरी एका पानाला एक एमबीच्या थोडं वर जागा लागते, आणि ऑफिसचे स्कॅनर ते फॅक्सच्या पद्धतीने दाबतात, मग टाईप केलेलं पान पन्नास-साठ केबीत येतं. म्हणजे त्या दोन एमबीत एक पान नाही, तीस-चाळीस पानं असायला हवीत. आणि होतीच. टिफ ही १९८६ ची जुनी पद्धत आहे, तिच्यात एकाच फाइलमध्ये कितीही पानं एकामागे एक ठेवता येतात, आणि फोनवरची बरीचशी फोटो ॲप पहिलं पान दाखवून गप्प बसतात, आणखी पानं आहेत असं सांगतही नाहीत. काकांनी तोपर्यंत वकिलाला फोन करून चार शब्द सुनावले होते, मग दुकानाच्या बाहेर जाऊन परत फोन केला, काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

तर ताई, तुमचंही तेच आहे. प्ले स्टोअरवर टिफ व्ह्यूअर शोधताना मल्टिपेज लिहिलंय का ते बघा, तसं ॲप पानं उलटायला बाण देतं. पण खरं सांगू, वकिलांच्या ऑफिसला सांगा पीडीएफ करून द्या म्हणून. त्यांच्या कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम आहे, आणि तुम्हाला ते कागद उद्या बँकेत, परवा सोसायटीत द्यायचेच आहेत, तिथे सगळे पीडीएफच मागणार. फक्त एक करा, नेटवर "फ्री टिफ टू पीडीएफ" शोधून समोर येईल त्या साइटवर घराचे कागद चढवू नका. सही, पत्ता, पॅन नंबर सगळं असतं त्यात. आणि ॲपसुद्धा खरंच फोनमध्येच काम करतं की फाइल बाहेर पाठवतं ते बघायचं असेल तर एअरप्लेन मोड लावा, वायफाय पण बंद आहे ना बघा, आणि मग फाइल उघडा. उघडली तर निदान उघडण्यासाठी तरी ती बाहेर जात नाही. नेटशिवाय हलतच नसेल तर काढून टाका.

तिसरं, एमआरआय. यात जरा वेळ घालवतो कारण माणसाच्या तब्येतीचा प्रश्न आहे.

सीडीत जे असतं त्याला डायकॉम म्हणतात, हॉस्पिटलच्या मशिनांची जगभरची एकच भाषा. हा साधा फोटो नाही. सीडी उघडली की साधारण काय दिसतं, तर एक विंडोजचं प्रोग्रॅम, जे फोनवर चालत नाही, एक डायकॉमडिर नावाची फाइल, जी फोटो नाहीच, नुसती अनुक्रमणिका आहे, आणि एका फोल्डरमध्ये आयएम०००१, आयएम०००२ अशा शेकडो फाइली, त्यांना बहुतेक वेळा शेपूटच नसतं. एमआरआय म्हणजे पावाच्या लादीसारखे काप असतात, प्रत्येक फाइल म्हणजे एक काप. लोक काय करतात, त्यातली एक फाइल उचलतात आणि डॉक्टरांना पाठवतात. डॉक्टर एका कापावरून काय सांगणार?

दुसरी सवय म्हणजे फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून फोटो काढायची. आमच्या दुकानात पण येतात, "जरा लाइटसमोर धरतोस का" म्हणून, मी धरतो, नाही म्हणत नाही, पण त्यात हरवतं काय ते बघा. फोनवरच्या साध्या जेपीजीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ छटा मावतात. डायकॉममध्ये त्याच्या कितीतरी पट जास्त, १२ बिटची फाइल असेल तर ४०९६. डोळ्याला एका वेळी त्या सगळ्या दिसत नाहीत म्हणून डॉक्टर व्ह्यूअरमध्ये बोट सरकवून त्यातला एक तुकडा निवडतात, त्याला विंडो म्हणतात. सीटी स्कॅनमध्ये तर तोच काप हाडाच्या विंडोत वेगळा आणि फुफ्फुसाच्या विंडोत वेगळा दिसतो, एकात पांढराफट्ट गोळा आणि दुसऱ्यात आतलं सगळं जाळं. तुम्ही जेपीजी केला की एक विंडो कायमची गोठली, बाकी सगळं फेकून दिलं. म्हणून डायकॉमचा स्क्रीनशॉट किंवा फोटो घरच्यांना दाखवायला ठीक, निदानाला नाही.

मग करायचं काय? फोनला ओटीजी केबलने सीडी ड्राइव्ह जोडायच्या भानगडीत पडू नका, अँड्रॉइडला सीडी सहसा वाचता येत नाही, पेनड्राइव्ह येतो. सीडी ड्राइव्हवाला कॉम्प्युटर गाठा, हल्ली लॅपटॉपना ड्राइव्ह नसतो, पण झेरॉक्सवाल्यांकडे एखादा जुना डबा हमखास पडलेला असतो. अख्खी सीडी, त्यातलं काही न वगळता, पेनड्राइव्हवर कॉपी करा, मग त्या फोल्डरची झिप करा आणि ती एक झिप डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दोन जीबीपर्यंत जाते, कंबरेचा एमआरआय त्यात आरामात बसतो. त्याआधी स्कॅन सेंटरला एक फोन करा, बऱ्याच ठिकाणी आता लिंक देतात, डॉक्टर थेट त्यावरच बघतात, मग ही सगळी यातायात वाचते. तुम्हाला स्वतःला बघायचं असेल तर प्ले स्टोअरवर डायकॉम व्ह्यूअर म्हणून बरीच आहेत, घेताना फोल्डर किंवा झिप अख्खी उघडतं का बघा, एकेक फाइल उघडणारं काही कामाचं नाही. आणि पहिलं चित्र काळं किंवा धुरकट दिसलं तर फाइल खराब समजू नका, बोटाने विंडो हलवून बघा.

एक लक्षात ठेवा, डायकॉमच्या प्रत्येक फाइलमध्ये पेशंटचं नाव, बहुतेक वेळा जन्मतारीख, सेंटरचं नाव लिहिलेलं असतं, चित्रावर दिसो न दिसो. फॅमिली ग्रुपवर टाकू नका, आणि अनोळखी साइटवर तर अजिबात नको.

तुम्ही विचारलं नाहीत पण ठाण्यात-नवी मुंबईत ज्या फाइलवरून सगळ्यात जास्त माणसं माझ्याकडे येतात ती म्हणजे डॉट सीडीआर, कोरलड्रॉची. फ्लेक्सवाला, पत्रिकावाला, बिल्ला छापणारा, सगळे कोरलवर. डिझायनर रात्री अकराला फाइल टाकतो, "चेक करून ओके द्या" म्हणतो आणि झोपतो. फोनवर ती उघडत नाही. यावर एक जुगाड आहे: २००८ च्या एक्स-फोर व्हर्जनपासून सीडीआर आतून झिपच असते. नाव बदलून शेवटी डॉट झिप करा, फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये उघडा, आत मेटाडेटा नावाचं फोल्डर, त्यात थंबनेल्स, त्यात डिझाइनचं छोटं चित्र सापडतं. पटकन कुठली फाइल आहे ते ओळखायला मस्त.

पण त्यावर ओके देऊ नका. हे मी स्वतः केलंय. नवीन होतो, पार्टी लोकलमध्ये अडकलेली, डिझाइन दुसऱ्याकडून आलेलं, मी ते इवलंसं चित्र मोठं करून बघितलं, सगळं ठीक वाटलं, छापायला दिलं. चारशे पत्रिका. मुहूर्त १२ वाजून ३५ होता, पत्रिकेत ५५ छापलेला, देवनागरी ३ आणि ५ त्या थंबनेलमध्ये सारखेच दिसत होते. चारशे पत्रिका माझ्या पैशाने परत छापल्या आणि आधीच्या चारशेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दुकानाचे हिशोब वर्षभर लिहिले.

सीडीआर कुठेतरी दुसरीकडे उघडली तरी मराठीचा घोळ होतो. आपली डीटीपीवाली मंडळी अजून श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट वापरतात, त्यात अक्षराचा आकार इंग्रजी कळीवर बसवलेला असतो, फॉन्ट नसलेल्या मशिनवर "शुभविवाह"च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. म्हणून डिझायनरला दोनच शब्द सांगायचे, "कर्व्ह करून पीडीएफ दे." कर्व्ह केलं की अक्षरं चित्र बनतात, कुठेही तशीच दिसतात. इलस्ट्रेटरची डॉट एआय असेल तर ती बहुतेक वेळा आतून पीडीएफसुद्धा असते, शेपूट बदलून पीडीएफ केलं की फोनवर उघडते. फोटोशॉपची पीएसडी असेल तर क्रोममध्ये फोटोपी नावाची साइट आहे, ती फाइल सर्व्हरवर न चढवता तुमच्या ब्राउझरमध्येच उघडते, छोटा स्क्रीन असल्याने हाल होतात पण काम होतं.

फोटोग्राफीवाल्यांसाठी दोन शब्द. तुमच्या ऐरोलीच्या खाडीवर आणि नेरूळला टी. एस. चाणक्य या मर्चंट नेव्हीच्या कॉलेजच्या मागे फ्लेमिंगो टिपणारी पोरं असतात, कॅमेऱ्याची रॉ फाइल मित्राला फोनवर पाठवतात, निकॉनची एनईएफ, कॅननची सीआर-थ्री, सोनीची एआरडब्ल्यू. लाइटरूमचं मोबाईल ॲप या सगळ्या उघडतं. मग तक्रार येते की उघडताना एक क्षण पक्षी छान गुलाबी दिसला आणि लगेच फिका पडला, ॲपने रंग खाल्ला. तसं नाही. रॉच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः रंगवलेला एक तयार जेपीजी ठेवलेला असतो, ॲप आधी तो दाखवतं, आणि मग खरा कच्चा डेटा उघडतं जो मुळातच फिका असतो, रंग तुम्ही भरायचा असतो. बघायलाच हवा असेल तर मित्राकडून जेपीजी मागा, पंचवीस-तीस एमबी कशाला ओढता.

आणि एक फाइल अशी आहे जी उघडायचीच नाही. "लग्नपत्रिका" किंवा "चलान" नावाने व्हॉट्सॲपवर येते आणि शेवटी डॉट एपीके असतं. ती पत्रिका नाही, ॲप आहे, दाबून इन्स्टॉल केलं की तुमचे एसएमएस वाचून ओटीपी पळवतं. नावात मध्येच जेपीजी लिहिलेलं असलं तरी सगळ्यात शेवटच्या टिंबानंतर काय आहे तेच बघायचं. काही फोनमध्ये ते शेपूट लपवलेलं असतं, फाइल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये एक्स्टेन्शन दाखवा असा पर्याय असेल तर चालू करून ठेवा.

तर ताई, पैसे कुठेच भरायचे नाहीत. फोटो परत मागवा, वकिलांकडून पीडीएफ घ्या, सीडी कॉपी करायला ऐरोलीत कुणाकडे ड्राइव्ह मिळाला नाही तर ठाण्याला या, रविवारी अर्धा दिवस दुकान असतं, पेनड्राइव्ह तेवढा तुमचा आणा.